पण कशासाठी?

पुण्यात एखाद्याने नर्मदा परिक्रमेला निघाल्याचं सांगितलं की समोरचा आधी हात जोडतो आणि मग विचारतो, "कधी निघताय?" कशासाठी निघताय, असं कुणी विचारत नाही. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, गुडघ्याला पट्टा बांधणारे, एरवी दूध आणायलाही स्कूटर काढणारे एखादे काका नदी उजव्या हाताला ठेवून चालू लागतात. नदी ओलांडायची नाही. सदावर्तात मिळेल तो शिधा शिजवायचा, कुणाच्या तरी ओसरीवर पथारी पसरायची. परंपरेप्रमाणे करायची तर तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस. एवढं सगळं करून माणूस निघाला तिथेच परत येतो. तरीही घरची मंडळी, सोसायटी, पेपरवाला, सगळ्यांना ते मान्य असतं. जगन्नाथ कुंटे यांचं 'नर्मदे हर हर' वाचून तर इथली कितीतरी शहाणीसुरती माणसं बूट खरेदी करून आली होती.

माझ्या भाचीला साधारण हेच करायचं होतं. नदीच्या जागी पामीरचे डोंगर, चालण्याच्या जागी सायकल आणि ओंकारेश्वरच्या जागी बिश्केक. किरगिझस्तानातून ताजिकिस्तान, पुढे उझबेकिस्तान. एकटीने, आणि जमेल तिथे डांबर टाळून. तिने हे गणपतीत जाहीर केलं, आरतीनंतर खिरापत वाटली जात असताना. वेळ विचार करून निवडलेली असावी, कारण सगळ्यांची तोंडं भरलेली होती. तरी ताईने, म्हणजे तिच्या आईने, घाईने घास गिळला आणि विचारलं, "पण कशासाठी?"

तेव्हापासून हा प्रश्न आमच्याकडे मुक्कामालाच आला.

या प्रकाराला बाइकपॅकिंग म्हणतात, हे आता आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनाही ठाऊक आहे. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी बोजे लटकवायचे ही जुनी तऱ्हा; ती डांबरी रस्त्याला ठीक. खडीवर, ओढ्यात, मेंढपाळांच्या पायवाटेवर ते बोजे हिसके देतात, कॅरिअरचे स्क्रू ढिले होतात. म्हणून इथे एक पिशवी सायकलच्या त्रिकोणात, एक सीटखाली, एक हँडलला अशी आवळून बांधतात. त्यात मावेल तेवढाच संसार. तंबू, झोपायची पिशवी, चूल, कपडे, अन्न, हत्यारं, सगळं त्यातच. जिथे सायकल आपल्याला नेत नाही तिथे आपण सायकलला न्यायचं. (पुण्यातले सगळे रस्ते मुळातच ऑफ-रोड आहेत, हा विनोद घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्याच्या आनंदात केला. भाची प्रत्येक वेळी हसली. दमसासाची खरी तयारी तिथेच झाली असावी.)

सायकल घरी आली तेव्हा बाबा पाहणीला बाहेर आले. बाबांनी सगळी नोकरी खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत काढली; शनिवार पेठेतून खडकी, ऊन असो पाऊस असो, सायकलवर. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे तो तो काळ. सायकलला बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस खाली उतरवायचा, आणि त्याच्या मनात आलं तर चाकातली हवाही सोडायचा. मग आकुर्डीहून बजाजच्या स्कूटर यायला लागल्या आणि सायकली जिन्याखाली गेल्या. त्या काळातल्या काही आता कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात तेलपाणी होऊन दिमाखात उभ्या आहेत. त्या बघायला लोक मोटारीतून जातात.

बाबांनी सायकल एका हाताने उचलून पाहिली. "हलकी आहे," ते म्हणाले. हे कौतुक नव्हतं. मग त्यांनी हजेरी घेतल्यागत एकेक वस्तू शोधली. मडगार्ड नाही. चेनकव्हर नाही. कॅरिअर नाही. घंटी नाही.

"स्टँड?"

"याला स्टँड नसतो आजोबा."

"मग उभी कशी करायची?"

"टेकवायची. भिंतीला, नाहीतर झाडाला."

"आणि झाड नसेल तर?"

आता पूर्व पामीर म्हणजे चार हजार मीटरच्या आसपासचं उजाड, वाऱ्याचं पठार. तिथे मैलोन्‌मैल झाड नसतं, भिंत तर नसतेच. भाचीने याचे फोटो पाहिलेले होते. "आडवी टाकायची," ती शेवटी म्हणाली. बाबांच्या दृष्टीने सायकल आडवी टाकणारा मनुष्य घरातलं ताटही पायाने सरकवत असणार. त्यांनी किंमत विचारली. तिने निम्मी सांगितली, तरी ते काही न बोलता आत जाऊन बसले. टायरमध्ये ट्यूबच नाही, हे तिने त्या दिवशी सांगितलंच नाही. टायरच्या आत एक पातळ द्रव भरलेला असतो. काटा घुसला की तो भोकाशी जाऊन घट्ट होतो आणि भोक आपोआप बुजतं. घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा धरणं, कानशीने घासून सोल्युशन लावणं, फुंकर घालून ते वाळवणं, यात ज्यांच्या रविवारच्या सकाळी गेल्या त्यांना ही शुद्ध फसवणूक वाटली असती.

महाराष्ट्रात सायकलवरून लांब जायला मज्जाव आहे असं नाही. फक्त संदेश लागतो. पुणे ते कन्याकुमारी, झाडे लावा झाडे जगवा. पुणे ते पंढरपूर, प्लास्टिक टाळा. हँडलला छोटा फ्लेक्स बांधला, निघताना कुणाकडून तरी झेंडा दाखवून घेतला की माणूस हजार मैल बिनबोभाट जाऊ शकतो. आमच्या सोसायटीच्या चेअरमनांनी भाचीला मोठ्या आपुलकीने बोलावून घेतलं आणि दोन-तीन विषय सुचवले. "अवयवदान घे," ते म्हणाले, "सध्या त्याला चांगला प्रतिसाद आहे." निर्मनुष्य मुलखात एकट्या फिरणाऱ्या मुलीने सायकलवर 'अवयवदान करा' असं लिहून जावं, यातला धोका त्यांच्या लक्षात आणून द्यायला मलाच बोलावं लागलं.

संदेश नसेल तर विक्रम चालतो. भाचीने प्रत्येक वादात वेदांगी कुलकर्णीचं नाव पुढे केलं. पुण्याची ही मुलगी, इंग्लंडमध्ये बोर्नमथ विद्यापीठात शिकत असताना, २०१८च्या जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सायकलवर निघाली. न्यूझीलंड, कॅनडा, आइसलँड, पोर्तुगालपासून फिनलंडपर्यंतचा युरोप, रशिया आणि शेवटी भारत, असे १४ देश आणि सुमारे २९ हजार किलोमीटर १५९ दिवसांत काटून २३ डिसेंबरला कोलकात्यात पोहोचली. वय वीस. पृथ्वीप्रदक्षिणेचे नियमही मजेदार आहेत. कमीत कमी १८ हजार मैल सायकलवर, एकाच दिशेने, आणि गोलावर एकमेकांच्या बरोबर विरुद्ध टोकांना असलेल्या दोन ठिकाणांना शिवून जायचं. म्हणजे इथेही निघालो तिथेच परत. परिक्रमाच ही, उजव्या हाताला काय ठेवायचं एवढंच गिनेसवाल्यांनी सांगितलेलं नाही. ताईने वेदांगीची बातमी पूर्ण वाचली. तिच्या लक्षात तीन गोष्टी राहिल्या: कॅनडात मागे लागलेलं अस्वल, स्पेनमध्ये सुरा दाखवून झालेली लूट आणि रशियात बर्फात एकटीने ठोकलेला तंबू. तेव्हापासून वेदांगीचं नाव भाचीपेक्षा ताईच जास्त घेऊ लागली.

मग भाचीने शंभर वर्षं मागे जाऊन पारशी बोलावले. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जग बघायला निघाले. त्यांतल्या तिघांनी, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी, ७१ हजार किलोमीटर पुरे केले आणि ते १८ मार्च १९२८ला घरी आले. ते वाटेत असतानाच, १९२४ साली, फ्रामरोज दावर मुंबईहून एकटेच निघाले. व्हिएन्नापर्यंत एकटे, तिथे त्यांना गुस्ताव नावाचा एक ऑस्ट्रियन भेटला आणि मग हे दोघं सात वर्षं पुरेपर्यंत हिंडत राहिले. सायकली घेऊन सहारात शिरले, पुढे अ‍ॅमेझॉनच्या जंगलात. एकूण लाखावर किलोमीटर. ऑफ-रोड हे तरुण पिढीचं नवीन खूळ आहे, असं जे म्हणतात त्यांनी सहाराच्या वाळूत सायकल ढकलण्याची कल्पना करून बघावी.

मला या मंडळींच्या धाडसाहून त्यांच्या निघण्याचा हेवा वाटतो. १९२३ची ती पोरं मुंबईत सायकलवर बसली आणि पंजाब, बलुचिस्तान करत चाकावरच इराणात उतरली. भाचीला मात्र सायकलचे अवयव सुटे करून, दुकानदाराकडून मागून आणलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून, विमानाने पाठवावे लागले. डोंगर हलले नाहीत, नद्याही तिथेच आहेत. पण पुण्याहून सायकल मारत मध्य आशियात पोहोचायची वाट आपल्या पासपोर्टवाल्याला आता नावापुरतीच उरलेली आहे.

प्रवासाला कारण लागतं हा आपला कुळाचार तसा जुनाच. विष्णुभट गोडसे १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघाले ते डोक्यावरच्या कर्जापायी. बायजाबाई शिंद्यांचा मोठा यज्ञ व्हायचा होता, दक्षिणा मिळेल, घर सावरेल. कारण इतकं चोख की घरच्यांना नाही म्हणता येईना. पुढे वाटेत बंडाची बातमी लागली, झाशीच्या वेढ्यात सापडले, मिळालेलं लुटलं गेलं, जिवावरची संकटं टळली. जमाखर्च मांडला तर प्रवास साफ बुडीत. परत येताना त्यांनी काय आणावं? आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेच्या पाण्याची कावड! १९०७ साली 'माझा प्रवास' छापून आलं. आज ते वाचणाऱ्या एकालाही भटजींना दक्षिणा किती सुटली याच्याशी कर्तव्य नसतं. निघताना गाठीला बांधलेलं कारण कुठल्या मुक्कामावर पडलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

काशीहून पाणी वाहून आणणारा माणूस मला भाचीचं सामान भरताना वारंवार आठवला. कारण आमच्याकडे उलटा कारभार चालू होता. केकसाठी आणलेला स्वयंपाकघरातला वजनकाटा तिने दिवाणखान्यात मांडला होता आणि एकेक वस्तू त्यावर चढत होती. दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीने अर्धी कापली. साबणाची वडी निम्मी केली. पायमोज्यांचे दोनच जोड. टॉवेल म्हणून एक हातरुमाल. गॅसचं नळकांडं विमानात चढू देत नाहीत, ते तिकडेच घ्यायचं, त्यामुळे नुसती चूल. ती मुठीत मावेल एवढी. डोंगरात प्रत्येक ग्रॅम आपल्याच मांड्या वाहून नेतात, हा तिचा मंत्र. ताई हे सगळं दारात उभी राहून बघत होती. तिच्या हातात डबा होता.

डब्यात डिंकाचे लाडू. त्याच्या मागे मेतकूट, थालीपिठाची भाजणी, भाजून ठेवलेला उपम्याचा रवा आणि लिंबाचं गोड लोणचं अशी रांग होती. एक लाडू काट्यावर ठेवला तर तो त्या अख्ख्या चुलीच्या जवळपास भरला. त्यावर जी बोलणी झाली तशी सीमाप्रश्नावरही झाली नसतील. भाची दोन म्हणाली, ताई वीस म्हणाली. लोणच्याला तेल सुटतं आणि तंबूला वास लागला तर अस्वल येतं, हा मुद्दा भाचीने काढला. पण अस्वलाचा विषय आपण काढायला नको होता हे तिला बोलतानाच कळलं. शेवटी लोणचं गेलं, भाजणी राहिली, आणि एका जादा स्वेटरच्या बदल्यात लाडवांचा आकडा दोन्ही पक्षांना मान्य होईल इतका झाला. निघायच्या आदल्या रात्री ताईने अंगाऱ्याची पुडी पुढे केली. भाचीने ती रीतसर काट्यावर ठेवली. आकडा शून्यावरून हलला नाही. पुडी पिशवीत गेली.

ताजिकिस्तानच्या व्हिसाच्या अर्जात आणि पामीरच्या भागासाठी लागणाऱ्या वेगळ्या परवान्याच्या भानगडीत एक ओळखीचा रकाना निघाला: भेटीचा उद्देश. तिने 'पर्यटन' लिहिलं. सरकारला तेवढं पुरलं. ताईला पुरत नव्हतं. सराव म्हणून भाची पानशेतवरून कादवे खिंडीतून वेल्ह्याकडे, मग तिथल्या कच्च्या वाटांनी दिवसभर हिंडून यायची. घामाघूम, चिखलात बरबटलेली. दारातच तिला पाण्याचा तांब्या मिळायचा आणि पाण्यापाठोपाठ प्रश्न.

एकदा बाबाच मध्ये पडले. ते म्हणाले, ते आणि फॅक्टरीतले काही जण एकदा सायकलवर महाबळेश्वरला गेले होते. पसरणीचा घाट, अर्धा चालवत, अर्धा ढकलत. वर पोहोचले, भजी खाल्ली, परत फिरले. हे आम्ही कुणीच आधी ऐकलेलं नव्हतं. ताईने सवयीने विचारलं, "कशासाठी?"

बाबांना प्रश्नच नीट समजला नाही. "रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली होती," ते म्हणाले.

जूनमध्ये भाची गेली. तिकडून फोन क्वचित, एखाद्या गावात रेंज मिळाली की बोललेले निरोप एकदम पाच-सहा यायचे आणि आम्ही ते जेवणाच्या टेबलावर आकाशवाणीच्या बातम्यांच्या शिस्तीत ऐकायचो. त्यात साहस फार कमी असायचं. मोजे वाळत नाहीत. वारा समोरूनच येतो, दिशा बदलली तरी समोरूनच येतो. रस्ता म्हणजे नालीदार पत्र्याच्या छपरावरून सायकल चालवावी तसा. दात खुळखुळतात, स्क्रू सुटतात, विचारसुद्धा एका जागी राहत नाहीत. अक-बैताल नावाची खिंड आहे, ४६५५ मीटर उंच. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक एकावर एक दोनदा रचलं तरी ती खिंड वर शिल्लकच. तिथे तिने सायकलवर बसून किती अंतर काढलं आणि हातात धरून किती, हे तिने सांगितलं नाही. सायकल आडवी टाकली, एवढं मात्र आजोबांना सांगू नका म्हणाली.

आणि माणसं. एकटीने जायचं म्हणून गेलेल्या पोरीला एक दिवस धड एकटं राहता आलं नाही. तंबू ठोकावा तर कुणीतरी येऊन तो उपटायला लावायचं आणि घरात नेऊन बसवायचं. चहा, गोल जाड रोट्या, जर्दाळू, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा. त्या वाडग्याबद्दल ती एका निरोपात बराच वेळ गप्पच होती. प्रश्न सगळीकडे ठरलेले. कुठून आलीस? सायकल केवढ्याला? नवरा कुठे आहे? कशासाठी आलीस, असं म्हणे एकानेही विचारलं नाही.

नवऱ्याच्या प्रश्नाला तिने सुरुवातीला खरं उत्तर दिलं. लग्न झालेलं नाही. त्यावर घरातल्या बाया हळहळायच्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि लगेच एखादा पुतण्या हजर व्हायचा. दोन-तीन पुतणे झाल्यावर तिने पवित्रा बदलला. नवरा मागून येतोय, असं सांगायला लागली. हळू चालवतो, तास-दोन तासांत येईल. पण खोटं बोललं की त्याचा संसार करावा लागतो. त्या बाया त्याच्यासाठी किटली गरम ठेवायच्या, रोट्या फडक्याखाली झाकून ठेवायच्या, पोरांना रस्त्यावर बघायला पाठवायच्या. मग त्याला पंक्चर काढावं लागलं. मग त्याचा गुडघा दुखायला लागला. एका घरी तो मटण खात नाही असं तिच्या तोंडून गेलं, तर म्हातारीने त्याच्यासाठी वेगळ्या बटाट्याच्या पोळ्या करून बांधून दिल्या. भाचीने त्या दुसऱ्या दिवशी चढावर एकटीने खाल्ल्या आणि त्याच्या वाटणीचे जर्दाळूही. पामीरातल्या खोरोग शहरात पोहोचेपर्यंत तो इंजिनिअर झाला होता, स्वभावाने शांत होता, आणि त्याच्या आईची काळजी एकटी भाची घेत होती.

हा निरोप संपला तेव्हा आम्ही सगळे हसत होतो. ताई हसत नव्हती. तिने तो पुन्हा लावला, गुडघ्याचा भाग नीट ऐकला, इंजिनिअरचा भाग नीट ऐकला. मग फोन जवळ धरून तिने उलट निरोप पाठवला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यात 'कशासाठी' नव्हतं.

"आडनाव काय सांगितलंस त्याचं?"